तारणाची तारीख विचारणाऱ्या भावाला काय सांगू?

प्रश्न : सप्रेम सलाम. माझं माहेर अहिल्यानगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. माझी आई शहात्तर वर्षांची आहे. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिने उभी हयात काढली. मागच्या पावसाळ्यात तिला पक्षाघात झाला. बोलणं बरंचसं परत आलं, पण उजवा हात आणि पाय गेला. ती धाकट्या भावाकडे असते, भावजय तिचं सगळं करते. भाऊ काही वर्षांपासून एका नव्या फेलोशिपमध्ये जातो. त्याची दारू तिथेच सुटली, म्हणून आम्ही सगळे देवाचे आभार मानतो. आईने त्यासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना केली होती. पण आता तो रोज तिला विचारतो, “आई, तुझं तारण (म्हणजे पापातून सुटका) झालंय का? कधी झालं? तारीख सांग.” तिला तारीख सांगता येत नाही. मग तो म्हणतो, “सेवेच्या भरवशावर राहू नकोस, आपली धर्मकृत्यं घाणेरड्या वस्त्रासारखी आहेत असं वचन आहे.” लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, म्हणून तिला पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा असं त्याने ठरवलंय. आई रात्र रात्र जागी असते आणि रडते. मला म्हणाली, “मग मी केलं ते सगळं वाया गेलं का गं? आणि आता करायला हात तरी कुठे आहे?” इकडे माझी नणंद म्हणते, “एवढं पुण्य केलेली बाई सरळ स्वर्गात जाईल,” आणि आईसाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, अर्पण करायला देते. भाऊ म्हणतो, कॅथलिकांचं हेच चुकतं. यात बरोबर कोण? आईला मी काय सांगू? आणि या बाप्तिस्म्याचं काय करू?
— एक लेक, वसई

उत्तर :

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम उद्याच करा. आईला झोप नाही आणि ती सारखी रडते, हे तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांना नैराश्य येतं. ते मेंदूला झालेल्या इजेमुळे येतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचं केलेल्या माणसाला स्वतःचंही काही करता येईनासं झालं की त्या दुःखानेही येतं. त्यावर उपचार आहेत. नैराश्यात माणसाला आपण टाकाऊ झालो, देवानेही आपल्याला टाकलं, असं अगदी खरंखुरं वाटत राहतं. आई स्वतः नर्स होती. “ही आजाराची खूण आहे, देवाचा निकाल नाही” असं तिला सरळ सांगा, तिला पटेल. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं असं घरात कोणी म्हणालंच, तर आई ज्या दवाखान्यात राबली तो ख्रिस्ताच्या नावानेच उभा राहिला होता एवढं त्यांना आठवून द्या.

आता भावाचं म्हणणं. तो ज्या शिकवणीवर उभा आहे ती खरी आहे आणि माझाही तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आठव्या-नवव्या वचनांत प्रेषित पौल लिहितो की तुमचं तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं आहे. ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळवलेलं नाही, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागा उरू नये. यातून पळवाट काढता येत नाही आणि काढूही नये. तुमच्या आईने इतक्या रात्रपाळ्या केल्या म्हणून देव तिचा देणेकरी झालेला नाही. कर्मांवरच सगळं अवलंबून असतं तर जन्मापासून अंथरुणाला खिळलेल्यांचं काय झालं असतं, आयुष्य उधळून शेवटी शुद्धीवर आलेल्यांचं काय झालं असतं? तुमच्या भावाचं तरी काय झालं असतं? त्याला कृपा म्हणजे काय ते अनुभवाने माहीत आहे, म्हणून तो त्या वचनाला इतका घट्ट धरून आहे.

पण तो नवव्या वचनावर थांबतो. दहाव्यात पौल म्हणतो की आपण देवाच्या हातची कृती आहोत, आणि सत्कृत्यं करावीत म्हणूनच ख्रिस्त येशूमध्ये आपण घडवले गेलो. ती सत्कृत्यं देवाने आधीच योजून ठेवली, आपण त्यांत चालावं म्हणून. म्हणजे तारण सत्कृत्यांतून निघत नाही, सत्कृत्यं तारणातून निघतात. आईच्या वॉर्डातली कामं देवाने तिच्यासाठी योजून ठेवलेली होती, असं ही तीन वचनं सलग वाचणाऱ्याला म्हणावं लागतं. त्यांना घाण म्हणणाऱ्याने ती कोणी योजली होती याचा विचार करावा.

घाणेरड्या वस्त्राचं वचन यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायातलं आहे, आणि ते भावासोबत बसून अख्खं वाचा. तिथे यरुशलेम ओसाड पडलंय, मंदिर आगीत भस्म झालंय, आणि एक पूर्ण राष्ट्र देवापुढे रडत आपला दोष कबूल करतंय. “आमची सर्व धर्मकृत्ये” असं ते म्हणतात. संदेष्टा स्वतःला त्यात धरून बोलतो. ते पश्चात्तापाचे शब्द आहेत, आपल्या तोंडून आपल्याविषयी निघणारे. दुसऱ्याच्या उशाशी उभं राहून “तुझी धर्मकृत्यं” असं म्हणायला ते दिलेले नाहीत. शिवाय त्याच्या अगदी आधीचं, पाचवं वचन भावाला मोठ्याने वाचायला सांगा. जो आनंदाने नीतीने वागतो, तुझ्या मार्गात तुझं स्मरण ठेवतो, त्याला तू भेटतोस, असं तिथे देवाला म्हटलं आहे. एकाच श्वासात प्रार्थना करणारे हे दोन्ही बोलतात. यातलं एक घेऊन दुसरं सोडायची मुभा आपल्याला नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे, आणि मला तुमच्या पत्राने सगळ्यात जास्त याच ठिकाणी अस्वस्थ केलं. तुमचा भाऊ कर्मांच्या विरुद्ध बोलतो, पण नकळत त्याने विश्वासाचंच कर्म करून ठेवलंय. तू पुरेसा विश्वास ठेवलास का, योग्य दिवशी ठेवलास का, तो दिवस आठवतो का, त्याची साक्ष नीट सांगता येते का? हा हिशेबच झाला, फक्त वही बदलली. आजारी बाईने आता रात्रभर जागून आपल्या मनात विश्वास किती आहे ते मोजायचं, आणि कमी भरला तर घाबरायचं! कृपेची शिकवण असल्या मोजमापातून माणसाला सोडवण्यासाठीच आली होती.

ती कोणाच्या हाती लागली ते पाहा. प्रॉटेस्टंट परंपरेचा आरंभ करणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये एर्फुर्टच्या मठात दाखल झाला. उपास, जागरणं, प्रार्थना, काही कमी केलं नाही, आणि तरी देव आपल्यावर रागावलेलाच आहे ही भीती त्याला सोडीना. तो पापकबुलीला तासन्‌तास बसे, बारीकसारीक आठवून आठवून सांगे. रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगलं की देवाचं नीतिमत्त्व ही आपल्याकडून वसूल करायची रक्कम नाही, ख्रिस्ताच्या हातून ते आपल्याला दिलं जातं. घाबरलेल्या माणसाला मिळालेला तो दिलासा होता. तीच शिकवण तुमच्या घरात एका शांत, विश्वासू बाईला घाबरवायला वापरली जात असेल, तर शब्द कितीही अचूक असले तरी ती उलटी धरली गेली आहे. ल्यूथर स्वतः म्हणत असे की खरा विश्वास जिवंत आणि धडपड्या असतो, सत्कृत्यं करावीत का हे तो विचारत बसत नाही, विचारण्याआधीच ती करून मोकळा होतो. वॉर्डात मध्यरात्री कण्हणं ऐकून उठणाऱ्या नर्सचं वर्णन याहून वेगळं काय करणार?

तुमचा भाऊ कधी याकोबाचं पत्र काढत नाही असा माझा अंदाज आहे. तुमच्या नणंदेकडे बहुधा तेच पहिलं निघत असेल. “कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे” हे याकोबाचं वाक्य पौलाच्या विरुद्ध उभं करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. दोघं कोणाशी बोलताहेत ते पाहिलं की भांडण बरंचसं मिटतं. गलतीच्या मंडळ्यांत काही लोक विदेश्यांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, सांगत होते की ख्रिस्त पुरेसा नाही, सुंता करा, नियमशास्त्राची कर्मं करा, मगच तुम्ही देवाचे. पौल त्यांच्यावर तुटून पडतो. याकोबासमोर वेगळेच लोक आहेत. उघड्या-उपाशी भावाला किंवा बहिणीला ते “सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा” म्हणून वाटेला लावतात आणि हातावर काही ठेवत नाहीत, वर आमचा विश्वास आहे म्हणतात. त्यांना याकोब म्हणतो, देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात, आणि थरथर कापतात. पौलाने जिथे कर्माची किंमत नाकारली तिथे तो दारातून आत येण्याबद्दल बोलत होता. याकोब आत आलेल्याच्या हालचालीबद्दल बोलतो.

दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घेतो. मूलबाळ नसलेला अब्राहाम ताऱ्यांखाली उभा राहून देवाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि ते त्याचं नीतिमत्त्व म्हणून मोजलं जातं. याकोब बाविसावा अध्याय घेतो, इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा. या दोन घटनांमध्ये किती काळ गेला ते पाहा. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता आणि तारे दाखवण्याचा प्रसंग त्याच्याही आधीचा. इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा, आणि वेदीचा प्रसंग मुलगा लाकडं वाहून नेण्याइतका मोठा झाल्यावरचा. म्हणजे देवाने त्याला नीतिमान म्हटलं त्यानंतर कित्येक वर्षांनी त्या विश्वासाचं फळ लोकांना दिसलं. मधल्या वर्षांत अब्राहाम चुकलाही, खोटंही बोलला. देवाने आपला शब्द मागे घेतला नाही. तुमच्या आईच्या विश्वासाचा पंधरावा अध्याय कोणी पाहिला नसेल. बाविसावा साऱ्या वॉर्डाने पाहिलाय.

नणंदेबद्दल भाऊ जे म्हणतो ते मात्र मला अन्यायाचं वाटतं, आणि मी स्वतः प्रॉटेस्टंट घरात वाढले असूनही हे लिहिते. सत्कृत्यांनी स्वर्ग विकत मिळतो असं कॅथलिक धर्मसभा शिकवत नाही. ल्यूथरला उत्तर म्हणून भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये पहिल्याच नियमात सांगितलं की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, केवळ आपल्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं म्हणणारा धर्मबाह्य आहे. कॅथलिक लोक पुण्याबद्दल बोलतात हे खरं, पण त्यांच्याकडचं जुनं वाक्य संत ऑगस्टिनचं आहे : देव आपल्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग इथे कॅथलिक धर्मसभा आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपलं मन नवं करून आपल्याला सत्कृत्यांसाठी बोलावतो, असं त्यात दोघांनी मिळून म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही. मतभेद संपले असं मी म्हणणार नाही. शुद्धीस्थान (मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था), कृपेत वाढताना मिळणारं पुण्य, मोठ्या पापाने कृपा गमावणं, यांवर आजही दोन्हीकडे वेगळं शिकवलं जातं. पण पाया कोणाच्या कर्मांचा आहे या प्रश्नावर तुमचं माहेर आणि सासर भाऊ समजतो तितकं दूर नाही.

तरीही “एवढं पुण्य केलंय, सरळ जाईल” हे वाक्य नणंदेने आईजवळ बोलू नये, असं तिला प्रेमाने सांगा. ती धीर द्यायला बोलते. ऐकणारी बाई मात्र वही उघडून बसते, आणि प्रामाणिक माणसाला त्या वहीत आधी आपल्या चुकाच दिसतात. कोणत्या रुग्णावर ओरडले, कोणाकडे जायला उशीर केला, घरची मुलं कधी एकटी टाकली. मिस्सेबद्दल मात्र भांडू नका. कोणी आपल्या आईसाठी देवासमोर उभं राहतंय, ते आदराने स्वीकारा.

तारखेचा प्रश्न राहिला. काहींना तारीख असते. तुमच्या भावाला आहे, आणि त्याने ती आयुष्यभर आनंदाने सांगावी. पंडिता रमाबाईंचाच मार्ग पाहा. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आणि बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत सांगितलंय. त्यानंतर त्यांनी शारदा सदनाला केराची टोपली दाखवली का? उलट १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्या घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. आधीचं काम वाया गेलं असं त्यांच्या आयुष्याकडे पाहून कोणी म्हणू शकत नाही.

पण वळण सांगता न येणारीही माणसं पवित्र शास्त्रात आहेत. तीमथ्याला पौल लिहितो, की तुझा निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, आणि बालपणापासून तुला पवित्र शास्त्र माहीत आहे. पौलाला स्वतःला दिमिष्काच्या रस्त्यावरचा भर दुपारचा प्रकाश आठवत होता, तरी तो तीमथ्याकडे तसल्या प्रकाशाची मागणी करत नाही. तुमच्या आईचा विश्वास असाच घरातून, उपासनेतून, आईच्या मांडीवरून आलेला असेल, तर त्याला तारीख नसणारच. आज ती ख्रिस्तावर भिस्त ठेवते का, एवढंच विचारण्यासारखं आहे, आणि तेही परीक्षकासारखं नाही.

आता आईला काय सांगायचं ते. “वाया गेलं का?” याला सरळ “नाही” म्हणा, आणि इब्री लोकांस पत्रातलं सहाव्या अध्यायातलं दहावं वचन वाचून दाखवा. तुमचं काम आणि देवाच्या नावासाठी पवित्र जनांची सेवा करून तुम्ही दाखवलेली प्रीती विसरायला देव अन्यायी नाही, असं तिथे लिहिलं आहे. मग मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं न्यायाचं चित्र वाचा. राजा म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात. आणि ती माणसं चकित होऊन विचारतात, “प्रभू, कधी?” त्यांनी मोजलेलंच नव्हतं. सातव्या अध्यायात मात्र दुसरे लोक येतात, आम्ही तुझ्या नावाने भुते काढली, पुष्कळ महत्कृत्ये केली, अशी यादी वाचतात, आणि त्यांना “मला तुमची ओळख नाही” असं ऐकावं लागतं. दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून आईला विचारा, ती कोणत्या रांगेत उभी असल्यासारखी वाटते. तुमच्या पत्रावरून तरी तिने यादी केलेली दिसत नाही. ती तर आपण काहीच केलं नाही का असं विचारते आहे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगाही तिला वाचून दाखवा. आपण त्याच्यावर नेहमी टीका करतो. पण बापाने त्याला दिलेलं उत्तर मला आयुष्यभर इमानाने काम केलेल्यांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. “इतकी वर्षे मी चाकरी केली” असं तो म्हणतो आणि बाप त्याच्याशी मजुरीचा हिशेब करत नाही. म्हणतो, बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस, आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे. तुमच्या घरात धाकटा परत आलाय, मेजवानी त्याची झाली. आईला हे दुसरं वाक्य ऐकायला मिळालं पाहिजे.

“आता करायला हात कुठे आहे?” हा तिचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि याचं उत्तर तुमच्या शब्दांपेक्षा तिच्या रोजच्या दिवसात सापडेल. ज्या बाईने शेकडो लोकांची अंगं पुसली, बेडपॅन लावलं, तिचं अंग आता सून पुसते. नर्सला हे किती जड जातं ते मी जवळून पाहिलंय. योहानाच्या तेराव्या अध्यायात पेत्राचं असंच होतं. येशू कमरेला रुमाल बांधून पाय धुवायला बसतो, आणि पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. प्रभू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. कृपा म्हणतात ती हीच. आईने आयुष्यभर ही गोष्ट दुसऱ्या बाजूने केली आहे. अंथरुणात पडलेला माणूस काही देऊ शकत नाही म्हणून त्याची सेवा कमी करावी, असं तिने कधी मानलं का? एखादा रुग्ण “सिस्टर, मी तुमचं काय देणं लागतो” म्हणत रडला असेल तेव्हा तिने त्याला काय उत्तर दिलं होतं, ते तिला विचारा. तिच्या तोंडून येऊ द्या. देवाकडून ते उत्तर स्वतःसाठी ऐकायला तिला थोडा वेळ लागेल, म्हणून घाई करू नका. आणि येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराची आठवण करून द्या. त्याचे दोन्ही हात खिळलेले होते. एक चांगलं काम करायला त्याला सवड नव्हती, बाप्तिस्म्यालाही नाही. “माझी आठवण करा” एवढंच तो म्हणाला, आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन त्याला मिळालं.

भावाशी आईच्या खोलीत वाद घालू नका. बाहेर, दोघंच बसा. आधी त्याचं ऐकून घ्या. आई आपल्याला अंतरेल, आणि कायमची अंतरेल, ही त्याची भीती खरी आहे. मग त्याला विचारा, तू दारू पीत होतास त्या रात्रींत तुझ्यासाठी गुडघ्यावर कोण होतं? तारण न झालेली बाई वर्षानुवर्षं देवाकडे मुलगा मागत राहिली आणि देवाने ऐकलं, असं त्याला म्हणायचं आहे का? त्याला कदाचित पहिल्यांदाच हे सुचेल. आणि एक विनंती करा : आठवड्यातून दोन दिवस आईचं अंग पुसणं, पाय धुणं त्याने स्वतः करावं, बायकोवर न सोडता. पौलाने गलतीकरांना प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वासच महत्त्वाचा असं लिहिलंय, ते त्याला पाठ असेल. भावजयीलाही थोडी उसंत मिळेल. तिचं नाव या सगळ्या धर्मचर्चेत कोणी घेत नाही, आणि सध्या तुमच्या घरातली सत्कृत्यं तीच करते आहे.

बाप्तिस्म्याचं माझं मत स्पष्ट आहे : नको. तुमची मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उभी राहिली, त्यांत बाप्टिस्टही होते. बालबाप्तिस्मा आणि कळत्या वयातला विश्वासाचा बाप्तिस्मा, दोन्ही एकाच मंडळीत राहू शकतात हे तिथे विचारपूर्वक ठरवलं गेलं. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही. पौल इफिसकरांना एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा असंच सांगतो. लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्यात आईने काहीच केलं नव्हतं, तो तिला दिला गेला, हेच भावाला खटकतं. पण कर्मांवाचून मिळणाऱ्या कृपेचं याहून स्वच्छ चिन्ह कोणतं? ल्यूथरला शंकांनी घेरलं की तो “माझा बाप्तिस्मा झालेला आहे” असं म्हणून स्वतःला सावरत असे, आणि त्याचाही बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला होता. शिवाय पक्षाघात झालेल्या, कदाचित गिळायलाही त्रास होणाऱ्या माणसाला पाण्यात बुडवणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे कोणी मनातही आणू नये, आणि भीतीपोटी दिलेल्या होकाराला होकार समजू नये.

त्याऐवजी नगरच्या तुमच्या पाळकांना गाठा. आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन नेणं हे त्यांच्या कामातच आहे. त्या वेळी आईला हवं असेल तर बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरणही घरीच करता येईल, पाण्यात न उतरता. भाऊ कामावर नसेल असा दिवस मागून घ्या, म्हणजे तोही हजर राहील. भाकर लहान तुकड्यात द्यावी लागेल, हे पाळकांना आधी सांगून ठेवा. आणि तुम्ही वसईहून निघाल तेव्हा नणंदेला यायचं असेल, तर तिलाही सोबत घ्या.

तुमची,
सदरलेखिका